इंगळेताईंच्या काचा

इंगळेताई लॅबमध्ये चालायच्या कमी आणि धावायच्या जास्त. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने भरलेल्या, गुडघे कुरकुरणारे, तरी पायातल्या रबरी सपाता चटचट वाजवत त्या बोळातून यायच्या. माझ्या केबिनचं दार खांद्याने ढकलायच्या, कारण हात मोकळा नसायचा. दोन बोटांच्या चिमटीत एक ओली काच असायची.

"डॉक्टर, उठा. ते टायपिंग ठेवा बाजूला. आधी हे बघा!"

मी सूक्ष्मदर्शकाकडे हात नेला की त्या म्हणायच्या, "तिकडे नंतर. आधी खिडकीत बघा, नुसत्या डोळ्यांनी."

मग आम्ही दोघी सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीशी उभ्या राहून उजेडात काच धरायचो. समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे, खाली स्कूटरींचे हॉर्न, आणि आमच्या डोळ्यांपुढे नखाएवढा गुलाबी ठिपका, त्यात निळ्या रेघा. कुणाच्या तरी आतड्याचा किंवा मूत्रपिंडाचा तुकडा. ताईंचा चेहरा असा फुललेला, जणू ते पैठणीचं नवं सूत आहे.

"कसं उठलंय निळं! बाप्पा!"

ताई मूळच्या पुसदच्या. तीस वर्षं पुण्यात काढल्यामुळे भाषा पुण्याची झाली होती, पण आनंद झाला किंवा राग आला की आतली वऱ्हाडी उसळून यायची. 'बाप्पा' आलं की समजायचं, काच जमली. 'काहून?' आलं की समजायचं, आपलं काहीतरी चुकलं.

मी पॅथॉलॉजिस्ट. ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, दुर्बिणीतून घेतलेला तुकडा आमच्याकडे बाटलीत येतो आणि तो कसला आहे हे मी सांगते. लोकांना वाटतं, डॉक्टर बाटलीत बघतात आणि सांगतात. बाटली आणि माझा सूक्ष्मदर्शक यांच्यामध्ये इंगळेताई असायच्या. तुकडा आधी फॉर्मलिनमध्ये मुरवायचा, मग अल्कोहोलमधून नेऊन त्याचं पाणी काढायचं, मग मेणात बसवायचा. मेणाची वडी थंड झाली की यंत्राच्या पात्यावर तिचे काप काढायचे, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ. ते काप एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर येतात. ती फीत कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काचेवर उचलायची आणि रंगवायची. रंगवलं नाही तर दिसत काही नाही. सगळं पारदर्शक. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि एम.डी. होऊन त्या लॅबमध्ये रुजू झाले होते.

पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं, "स्वतः किती काचा केल्यात आजवर?"

"कॉलेजात दोन-चार केल्या होत्या."

"म्हणजे एकही नाही. या इकडे."

त्यांनी मला यंत्रासमोर बसवलं. बर्फावर ठेवलेली वडी लावली, जवळ वाकून तिच्यावर 'हाऽ' करून तोंडाची वाफ सोडली आणि म्हणाल्या, "फिरवा चाक." मी चाक फिरवलं. फीत सुंदर आली. ती ब्रशने उचलून मी पाण्याकडे नेली, हायसं वाटून श्वास सोडला आणि फीत उडून माझ्या भुवईला चिकटली.

"पाण्यापाशी श्वास घ्यायचा नाही," ताई म्हणाल्या, "आणि सोडायचा तर मुळीच नाही. पुन्हा."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तेच करत होते. शेवटी एक काच बरी आली, तेव्हा त्यांनी ती खिडकीत धरली, डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, "चुरगळलेल्या धोतरासारखी आहे. पण धोतर आहे हे कळतंय. चला, डबा खाऊ."

त्या दिवसापासून मी खराब काच आली म्हणून कुणावर ओरडले नाही.

त्यांच्या काही गोष्टी ठरलेल्या होत्या. बाटलीबरोबर आलेला फॉर्म त्या पूर्ण वाचायच्या, नाव, वय, पत्त्यासकट. आम्ही सगळे नंबरांनी बोलायचो. त्या म्हणायच्या, "ती भोरची आजी झाली का? ते वडगावचे मास्तर?" एकदा आमचे सर, म्हणजे लॅबचे मालक, चेष्टेने म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांना भेटलाय का कधी?" ताईंनी मान न वळवता उत्तर दिलं, "तुम्ही तरी कुठे भेटलाय? पण माझ्याइतक्या जवळून कुणी बघितलं नसेल." सर हसत निघून गेले. ताईंसमोर ते फार वेळ टिकत नसत.

पुढे लॅब वाढली आणि आम्ही कोथरूडच्या नव्या इमारतीत गेलो. चकचकीत ओटे, नवे नळ, वातानुकूलन. आणि पहिल्याच आठवड्यात काचा बिघडल्या. पेशींची केंद्रं निळी यायला हवीत, ती लालसर जांभळी यायला लागली, शिळ्या बिटाच्या पाण्यासारखी. मला बारकावे दिसेनात. रंग पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने नवी महागडी बाटली सुचवली. ती आणली. फरक नाही. सर वैतागले. कुणीतरी हळूच म्हणालं, "ताईंचे डोळे आता..."

ताईंनी ते ऐकलं. दिवसभर एकेक भांडं तपासत होत्या. रंग गाळून पाहिला, अल्कोहोल बदललं, घड्याळ लावून वेळ मोजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर त्या नळासमोर उभ्या. नुसत्या पाण्याच्या धारेकडे बघत होत्या.

"डॉक्टर, हे पाणी कुठलं?"

"नळाचं. दुसरं कुठलं?"

त्यांनी वाकून ओट्याखालचं कपाट उघडलं. आत एक पांढरा डबा आणि नळ्या. नव्या इमारतीत सगळ्या ओट्यांना शुद्धीकरणाचं यंत्र बसवलं होतं.

"काहून?" त्या ओरडल्या. "हे काहून लावलं? मला न विचारता?"

मग त्या ज्या निघाल्या! ॲप्रन काढला नाही, पर्स घेतली नाही, माझ्या हातातली स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि मलाच मागे बसवून थेट जुन्या लॅबवर. तिथल्या रिकाम्या खोलीत जुना पितळी नळ होता. त्याच्याखाली दोन कॅन भरले. येताना एक कॅन माझ्या मांडीवर, एक त्यांच्या पायांशी, आणि कर्वे रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात ताईंचा आवाज, "सांडू नका हो, सांडू नका!"

कारण साधं होतं, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. तो रंग मुळात तांबूस असतो. किंचित अल्कधर्मी, क्षार असलेल्या पाण्यात धुतला की मग निळा होतो. आमच्या नव्या यंत्राने पाण्यातले सगळे क्षार काढून टाकले होते. ताईंनी जुन्या नळाच्या पाण्यात काच बुडवली. आम्ही चौघं-पाचजण भोवती गोळा झालो. काही क्षण काहीच नाही. मग तो बिटाचा रंग काठाकडून वळायला लागला, जांभळा झाला, आणि बघता बघता स्वच्छ निळा.

"बाप्पा!" ताईंनी टाळीच वाजवली. "माणसाला पुण्याचं पाणी लागतं ऐकलं होतं. काचेला लागलेलं आज बघितलं."

दुसऱ्या दिवसापासून त्या धुण्याच्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा पडायला लागला, आणि डोळ्यांबद्दल कुणी पुन्हा बोललं नाही.

पण ताईंचा थरार मी खऱ्या अर्थाने पाहिला तो हिंजवडीच्या एका ड्रायव्हरच्या वेळी. कंपनीची बस चालवणारा पंचेचाळिशीचा माणूस. खोकला, वजन उतरलेलं, बिडीची जुनी सवय, आणि फुप्फुसात सावली. सगळ्यांनी मनात कॅन्सर धरूनच ठेवला होता. सुईने काढलेला दोऱ्याएवढा तुकडा आमच्याकडे आला. मी काच बघितली. व्रण पडल्यासारखे तंतू, थोडी सूज, बाकी काही नाही. कॅन्सर नाही, पण दुसरंही काही नाही. त्याच्या सर्जनचा फोन आला, "नेमकी जागा चुकली असणार. मी छाती उघडून तो भागच काढतो. तुम्ही 'नमुना अपुरा' लिहा, म्हणजे मी मोकळा."

बाहेर त्या माणसाची बायको बसली होती. रिपोर्ट हातात घेऊनच जाते म्हणाली होती.

मी 'नमुना अपुरा' टाइप केलं आणि ताई आल्या. या वेळी धावत नाही, सावकाश.

"छापू नका अजून."

"का?"

"शेवटचे दोन काप काढताना पात्याला तुकडा वेगळा लागला. आधी चिवट होता. खाली भुसभुशीत झालाय, कलाकंदासारखा. खाली काहीतरी आहे."

"आणखी खाली जाता येईल?"

"जाता येईल. पण फार नाही. वडीत आता तुकडा उरलाय तो नखाच्या कडेएवढा. एकदा कापला की संपला. परत मागायचा तर त्याची छाती उघडावी लागेल."

निर्णय माझा होता, हात त्यांचे. मी म्हणाले, "कापा."

ताईंनी यंत्राभोवतीची सगळी माणसं हाकलली. पंखा बंद केला. नवं पातं लावलं. आणि कापायला लागल्या. एकही फीत टाकली नाही. दर दोन-तीन काप एका काचेवर, अशा सात काचा झाल्या. आठवी उचलताना वडीत पांढरं मेण दिसायला लागलं. तुकडा संपला होता.

पहिली काच नेहमीच्या रंगात. मी बघितली आणि मोठं भिंग लावून पुन्हा बघितली. मधोमध मेलेल्या पेशींचा चुरा आणि त्याच्याभोवती राखणदारांसारख्या बसलेल्या पेशी. हे क्षयाचं लक्षण. पण क्षयासारखं दिसणारं दुसरंही असतं, पुरावा हवा. उरलेल्या काचांवर ताईंनी क्षयाच्या जंतूंचा रंग चढवला. लाल रंग गरम करून मुरवायचा, मग आम्लाने धुऊन काढायचा. सगळीकडचा लाल जातो आणि त्यावर दिलेला निळा चढतो, फक्त तो हट्टी जंतू लाल सोडत नाही.

त्यातल्या पहिल्या काचेवर काही नाही. दुसऱ्या काचेवर नाही. तिसरी, चौथी नाही. मी मान वर केली तर ताई माझ्या खांद्यामागेच उभ्या.

"ही पाचवी. हिला आम्लात थोडा कमी वेळ ठेवलंय. हिच्यात शोधा."

मी एका टोकाने सुरुवात केली. निळा, निळा, निळा. तेलाचा थेंब टाकून एकेक घर पुढे सरकत होते. आणि निळ्यात एक लाल काडी दिसली. किंचित वाकलेली. श्वास रोखून मी पुढे गेले. दुसरी. मग तिसरी, पहिलीला टेकून.

"ताई..."

त्यांनी मला अक्षरशः खुर्चीवरून उठवलं आणि भिंगाला डोळा लावला.

"लाल! अवो डॉक्टर, लाल आहे! बाप्पा, बाप्पा!" त्या बोळात धावल्या, सरांच्या केबिनमध्ये शिरल्या, तिथल्या पाहुण्यांसमोरच म्हणाल्या, "त्याला टीबी आहे!" इतक्या आनंदाने टीबीची बातमी सांगणारं माणूस त्या पाहुण्यांनी पाहिलं नसेल.

ऑपरेशन रद्द झालं. औषधं सुरू झाली. काही महिन्यांनी तो ड्रायव्हर स्वतः पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, गाल भरलेले. मी ताईंना बोलावलं. त्या दारापर्यंत आल्या, काचेतून त्याला बघितलं, आणि परत फिरल्या.

"अहो, भेटा ना. तुमच्यामुळे..."

"बघितलं की. छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "भेटून काय बोलू? मी तुमचं फुप्फुस सगळं संपवलं, असं सांगू?"

हे सगळं सांगितल्यावर ती दुसरी गोष्टही सांगायला हवी. ताईंनीच मला ती लपवू दिली नसती.

बत्तीस वर्षांची एक शिक्षिका. छातीत गाठ. काच बघितली तर गाठ साधी, निरुपद्रवी. पण एका कोपऱ्यात छोटासा तुकडा, आणि त्यात शंकाच नको असा कॅन्सर. मी सरांना दाखवलं. तेही गंभीर झाले. "वाईट वाटतं," म्हणाले, "पण आहे हे आहे." मी रिपोर्ट तयार केला. सही तेवढी राहिली होती.

ताई काचा परत न्यायला आल्या. पडद्यावरचं नाव वाचलं, खालची ओळ वाचली आणि थांबल्या.

"ही बत्तीस वर्षांची आहे हो."

"हो ना."

त्यांनी काच उचलली आणि खिडकीत धरली. मग आत गेल्या, मेणाची वडी घेऊन आल्या आणि काचेशेजारी ठेवली. वडीत एकच गोल तुकडा होता. कोपऱ्यात काही नव्हतं. काचेवर मात्र कोपऱ्यात तो ठिपका.

"हा तुकडा या मुलीचा नाही," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. "हिच्याआधी साठीच्या बाईंची वडी कापली होती. त्यांना कॅन्सर आहे. त्यांच्या फितीचा कण पाण्यावर राहिला आणि या काचेला चिकटला. दोन वड्यांच्या मध्ये मी पाणी पुसलं नाही."

"ताई, तुम्ही नेहमी..."

"नेहमी पुसते. आज नाही पुसलं."

मी तिथल्या तिथे नवीन काच करायला सांगितली. त्यांनी केली. फीत सरळ आली. गाठ साधी होती. कोपरा कोरा. मी रिपोर्ट बदलला आणि त्या मुलीला संध्याकाळी फोनवर सांगितलं, "काळजीचं काही नाही."

मला वाटलं, विषय संपला. ताई सरांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. सर म्हणाले, "चुकीचा रिपोर्ट गेला नाही ना? मग सोडून द्या. तुमच्याकडून तीस वर्षांत एकदा झालंय."

"सही झाली असती तर तिची छाती गेली असती. सोडून कसं देऊ?"

त्यांनी एका वहीत तारीख घालून स्वतःच्या अक्षरात चूक लिहिली. कारण लिहिलं नाही. पाण्याच्या भांड्यावर भिंतीला मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावली : 'वडी बदलली? पाणी पुसा. इंगळेने एकदा पुसलं नव्हतं.' नव्याने आलेले सगळे ती चिठ्ठी वाचून विचारायचे, इंगळे कोण? आणि ताई म्हणायच्या, "मी. बसा, सांगते काय झालं."

त्या दिवशी सकाळी पुसदला त्यांची आई पडून मांडी मोडल्याचा फोन आला होता. हे मला फार नंतर, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

लॅबमध्ये आपोआप रंगवणारं यंत्र आलं, तेव्हा आम्हाला वाटलं ताई रुसतील. त्यांनी त्याच्याशी शर्यत लावली. एकाच वडीच्या काचा, निम्म्या यंत्रात, निम्म्या हाताने. नावं झाकून माझ्यासमोर ठेवल्या. मी दहातल्या आठ वेळा यंत्राची काच चांगली म्हटलं. मला संकोच वाटला. ताई उडीच मारायच्या बाकी होत्या.

"जिंकलं की हो ते! बरं झालं. तीस वर्षं तेच ते गुलाबी-निळं केलं. आता मी बाकीचे रंग करायला मोकळी."

आणि खरोखर, निवृत्तीच्या आधीच्या त्या वर्षांत त्यांनी आमच्याकडे कधीच न होणारे रंग बसवले. चांदीचा, बुरशी काळी दाखवणारा. लोह निळं दाखवणारा. प्रत्येक पहिली काच घेऊन बोळातून सपाता चटचट.

निवृत्तीच्या दिवशी सरांनी विचारलं, "ताई, काय देऊ?" आम्ही घड्याळ आणलं होतं. ताई म्हणाल्या, "ते भंगारात काढलेलं जुनं कापायचं यंत्र द्या." पुसदला एका तरुण डॉक्टरने छोटी लॅब काढली होती. तिथल्या लोकांचे तुकडे बाहेरगावी जायचे आणि रिपोर्टची वाट बघण्यात दिवस जायचे. ताईंनी त्याला फोनवर शब्द देऊन टाकला होता.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. दुपारची गाडी. ते लोखंडी यंत्र आम्ही गोधडीत गुंडाळून दोघा हमालांकरवी चढवलं आणि खिडकीच्या सीटवर बसवलं. कंडक्टर आला.

"हे काय? टपावर टाका."

"टपावर नाही. आदळलं तर पातं धरायची जागा वाकडी होईल. सीट काढलीय त्याची. पूर्ण तिकीट. यादीत बघा."

त्याने यादी बघितली. "तीस नंबर. एम. इंगळे. हे?"

"हेच."

"मावशी, माणसं उभी राहणार आणि मशीन बसणार?"

"तुमच्या घरात कुणाला गाठ झाली होती कधी?" ताईंनी विचारलं.

कंडक्टरने यादी खाली केली. मग म्हणाला, "वडलांना. का?"

मला खाली उतरावं लागलं. गाडी सुरू झाली होती, पण हलत नव्हती. खिडकीतून दिसत होतं, ताईंनी गोधडीची एक बाजू वर केली होती. एका हाताने चाक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताची बोटं हवेत फितीसारखी पुढे नेत होत्या. कंडक्टर तिकिटाचं यंत्र काखेत धरून वाकला होता. मागच्या सीटवरच्या दोन बायकाही उठून बघत होत्या. ड्रायव्हरने एकदा हॉर्न दिला, पुन्हा दिला. कंडक्टरने मागे न बघता त्याला हाताने थांबवलं.

मी हात हलवला. ताईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.